दोन शाळांत अडलात? पहिलीची वही बघा

पहिलीसाठी दोन खासगी शाळा ठरवल्यात, दोन्हींची माहितीपत्रकं सारखीच चकचकीत, आणि घरात एकमत होईना. मग असं करा.

आधी दोन्ही शाळांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांच्या वह्या मागून बघा. गल्लीत, नात्यात कुणीतरी सापडतंच. बाईंनी पानभर नुसत्या लाल खुणा केल्यात, की चुकलेला ‘ळ’ शेजारी नीट काढून दाखवलाय? तारखा सलग आहेत का? मुलाकडं वर्गात किती लक्ष जातं ते इथं कळतं. माझ्या मते निम्मा निर्णय वहीतच होतो.

मग शाळा सुटताना फाटकाशी थांबा. मुलं कुणाच्या ताब्यात देतात, रिक्षात किती कोंबतात ते दिसेल. कोल्हापुरात राजारामपुरीतून ताराबाई पार्कात जायचं असेल तर शाळेच्या वेळेलाच एकदा जाऊन या. रविवारच्या रस्त्यावर हिशेब करू नका.

फी विचारताना गणवेश, पुस्तकं, रिक्षा, सहल धरून वर्षाचा आकडा लिहून घ्या.

एक सांभाळा: प्रवेशासाठी देणगी घ्यायला आणि मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई आहे. पावती देतो म्हणाले तरी देणगी देऊ नका.