टीवायला आहात आणि रिझ्युमे बनवायचाय? मग आधी हे वाचा

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एप्रिल आला की इंटर्नशिपच्या मेलचा नुसता पाऊस पडतो, आणि आम्ही सगळे मिळून अकराच जण, एचआर वगैरे प्रकार नाही, त्यामुळे ते रिझ्युमे उघडून बघायचं काम माझ्या गळ्यात. खरं सांगू का, एक चहा संपेपर्यंत पंधरा-वीस उरकते मी. त्यातले दोन-तीन नीट वाचले जातात, बाकीचे बिचारे तसेच राहतात.

गेल्या रविवारी माझी मावसबहीण डोंबिवलीहून आली, टीवाय बीकॉमला आहे. जेवणं झाल्या झाल्या लॅपटॉप उघडून बसली, "ताई, हा बघ ना जरा." बघते तर वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, रक्तगट, बिल्डिंग-विंग-रूम नंबरसकट पत्ता, आणि तळाला ते "आय हिअरबाय डिक्लेअर" वालं वाक्य, त्याखाली सहीची रेघ. रास आणि नाडी तेवढी राहिली होती. मी म्हटलं, अगं स्थळ बघतेयस की नोकरी? मग दुपारभर बसून आम्ही तो नव्याने बनवला, त्याच क्रमाने इथे सांगते.

पायरी 1: आधी कात्री चालवा

वर जे सांगितलं ते सगळं उडवा. फोटो मागितला असेल तरच लावा. आधार नंबर, पॅन नंबर रिझ्युमेत कधीच नाही, ती फाइल कुठून कुठे फॉरवर्ड होत जाईल तुम्हाला कळणारही नाही. नाव, मोबाइल, ईमेल, आणि पत्त्याच्या जागी फक्त "डोंबिवली पूर्व". मुंबईत समोरच्याला एवढंच बघायचं असतं की ही मुलगी कुठल्या लाइनने येणार, घाटकोपरला उतरून मेट्रो पकडेल का, रोजचं जमेल का तिला. ईमेल आयडी शाळेत असताना काढलेला, "प्रिन्सेस" किंवा "किलर" छाप असेल तर नवीन काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी 2: शिक्षण, पण चार ओळींत

सगळ्यात ताजं वर. कोर्स, कॉलेज, युनिव्हर्सिटी, वर्ष, आणि सीजीपीआय लिहिताना "7.6" असा लटकता आकडा नको, "10 पैकी 7.6" असं लिहा. बारावी, दहावी एकेक ओळ. केटी असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर खोटं लिहू नका, मार्कशीट मागतात तेव्हा सगळं उघडं पडतंच. शेवटच्या सेमचा निकाल यायचा असेल तर "निकाल बाकी" म्हणायला लाज कसली. एमएस-सीआयटी केलं असेल तर ते खाली स्किल्समध्ये, एका ओळीत.

पायरी 3: "माझ्याकडे लिहायलाच काही नाही"

हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. बहीणही म्हणाली. खरी मेहनत इथेच आहे, म्हणून जरा थांबा. एक कोरा कागद घ्या आणि गेल्या तीन वर्षांत पैशांचं, माणसांचं किंवा कागदपत्रांचं जे जे काम तुमच्या हातून झालं ते सगळं खरडून काढा, ते "नोकरी" होतं की नाही याचा विचारच करू नका.

तिच्या रिझ्युमेत एक ओळ होती, "गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग". मी विचारलं, म्हणजे नक्की काय केलंस? आरती म्हटलीस? तर म्हणे नाही गं, पावतीपुस्तकं माझ्याकडे होती. किती पावत्या? तीनशेच्या वर. हिशोब कुठे ठेवलास? एक्सेलमध्ये, विंगप्रमाणे, कोणी कॅश दिली कोणी यूपीआय केलं ते वेगळं, आणि शेवटी खजिनदार काकांच्या वहीशी जुळवून दिला. अगं मग हेच लिही ना बाई! नवीन ओळ अशी झाली: "सोसायटीच्या गणेशोत्सवात 300हून जास्त वर्गणी पावत्यांची एक्सेलमध्ये नोंद, कॅश आणि यूपीआयचा वेगळा हिशोब, अखेरीस वहीशी ताळमेळ." अकाउंट्सच्या इंटर्नशिपसाठी याहून चांगली ओळ मला तरी सुचत नाही.

दुसरं, कॉलेज फेस्टची स्पॉन्सरशिप. किती दुकानं फिरलीस? चाळीसेक. पैसे किती जणांनी दिले? "सहाच," हे इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला परत विचारावं लागलं. पण सहा लिही, चाळीस पण लिही! चाळीस दारं ठोठावणारी पोरगी कुठल्याही सेल्सवाल्याला हवीच असते. आकडा मात्र फुगवायचा नाही, सहाचे सोळा केले की इंटरव्ह्यूत "कोण कोण होते सांगा" असं विचारलं की बोबडी वळते.

तसंच एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं. वर्षाला 120 तास भरता ना तुम्ही, मग "एनएसएस स्वयंसेवक" एवढंच लिहून का सोडता, त्या तासांत काय केलं ते लिहा, वस्तीत सर्व्हे केला, रक्तदान शिबिरात रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलात, जे असेल ते. बाबांच्या दुकानाची जीएसटीची बिलं बनवता, खालच्या मजल्यावरच्या दोन पोरांच्या ट्यूशन घेता, हेही कामच आहे. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: काय केलं, किती केलं, कशात केलं.

स्किल्समध्ये ते रंगीत पट्टे नकोत, एक्सेल 80 टक्के म्हणजे काय, उरलेलं 20 टक्के घरी राहिलं? व्हीलुकअप येतं, पिव्हट टेबल येतं, टॅलीत व्हाउचर एंट्री येते, असं सरळ लिहा. येत नसेल ते लिहू नका.

पायरी 4: दिसायला साधाच ठेवा

एक पान, ए4, फॉन्ट साधा, साइज 11च्या आसपास. कॅन्व्हावरची दोन कॉलमची टेम्प्लेटं दिसतात भारी, पण मोठ्या कंपन्यांत रिझ्युमे बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि कॉलम, टेबल, आयकॉन यात त्याचा गोंधळ उडू शकतो. चेक करायची घरगुती युक्ती सांगते: पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. बहिणीच्या फाइलमध्ये तिचा मोबाइल नंबर बारावीच्या टक्क्यांना जाऊन चिकटला होता. असं झालं की गुपचूप एका कॉलमवर या. पाठवताना पीडीएफच, आणि फाइलचं नाव तुमचं नाव-आडनाव, "फायनल फायनल 2" नाही.

पायरी 5: कव्हर लेटर

आधी माझीच फजिती सांगते. कॉलेज संपल्यावर मी एकच पत्र वीसेक ठिकाणी चिकटवत होते, आणि एका कंपनीला लिहिलं की "तुमच्याकडे काम करायचं माझं स्वप्न आहे", फक्त नाव दुसऱ्याच कंपनीचं राहिलं होतं. उत्तर आलं नाही हे सांगायला नको. म्हणून कंपनीचं नाव, पोस्टचं नाव आणि माणसाचं नाव पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा. आणि समोर बाई असताना "रिस्पेक्टेड सर" लिहू नका, मला रोज येतात असे.

पत्र मेलमध्येच लिहा, वेगळी फाइल मागितली तरच जोडा. दोनशे शब्द खूप झाले. पहिल्या वाक्यात कुठली पोस्ट आणि जाहिरात कुठे बघितली. मग त्यांच्या कामातलं एक काहीतरी, जे खरंच वेबसाइटवर जाऊन वाचलंय. मग तुमचं एकच उदाहरण, जरा तपशिलात, बहिणीने पावतीपुस्तकांचंच घेतलं. शेवटी परीक्षा कधी संपते, कुठल्या तारखेपासून येऊ शकता, आठवड्यात किती दिवस. ही शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात आणि मला तर तीच आधी हवी असते.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं लगेच ओळखू येतं हो, एकाच सकाळी चार जण "अत्यंत उत्साही आणि ध्येयवेडे" असतात. इंग्लिश तपासायला खुशाल वापरा, पण गोष्ट तुमची हवी.

आणि हो, रजिस्ट्रेशन फी किंवा ट्रेनिंग डिपॉझिट मागितलं की तिथेच थांबायचं, नोकरी देणारा पगार देतो, मागत नाही. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा विचारा, रोज नको.

सब्जेक्टमध्ये पोस्ट, तुमचं नाव आणि कधीपासून मोकळे, एवढं टाकायचं हे मी बहिणीला तीनदा सांगितलं होतं. सोमवारी सकाळी लोकलमधून तिने पहिला मेल पाठवला, मला बीसीसीत ठेवून. कंपनीचं नाव बरोबर, अटॅचमेंट जागेवर, पावतीपुस्तकं मस्त लिहिलेली. सब्जेक्ट लाइन कोरी.