उस्मानाबादी बोकडाचा खुराक आणि मटणाची प्रत

उस्मानाबादी असो वा दुसरी कुठली, शेळीत चरबी आधी पोटात साठते; गुर्द्याभोवती, आतड्यांवर. कातडीखाली मेंढीसारखा थर धरत नाही. म्हणून विक्रीच्या तोंडावर महिनाभर मका कोंबला तर बोकड गोल दिसतो, काट्यावर वजनही भरतं, पण सोलल्यावर मांडीत नि पाठीत मांस कमीच निघतं. मांस चढतं ते वाढीच्या वयात, साधारण 3 ते 8 महिन्यांत, आणि ते प्रथिनांवर चढतं. खर्च करायचा तो याच काळात.

खुराक घरी मिसळणं आपल्याकडे परवडतं, कारण लातूरच्या डाळ मिलमुळे तूरचुनी (तुरीची डाळ करताना उरणारा चुरा) मुबलक मिळते. 100 किलोला मका भरडा 45, शेंगदाणा पेंड 20, गव्हाचा कोंडा 18, तूरचुनी 13, खनिज मिश्रण 2, चुनखडीची पूड 1 आणि मीठ 1 किलो. यात प्रथिनं 17 टक्क्यांच्या आसपास बसतात. भरडा जाडसर ठेवा. पिठासारखा दळला तर पोटात लवकर आंबतो.

20 किलोच्या बोकडाला दिवसाला 250 ते 300 ग्रॅम खुराक, दोन वेळा विभागून. सोबत तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट 300 ग्रॅम आणि किलोभर हिरवा चारा: दशरथ घास, शेवरी किंवा सुबाभूळ. सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं, त्यामुळे ती एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच ठेवा; जास्त झाली तर केस गळतात. आधी भुसकट टाका, मग खुराक. उपाशी पोटी धान्य नको.

सुरुवात 50 ग्रॅमपासून करा आणि दर 3-4 दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा. घाई केली तर पोटात आम्ल वाढतं: रवंथ थांबतं, लेंडीची जागा पातळ हगवण घेते, बोकड दात खात कोपऱ्यात उभा राहतो. अशा वेळी धान्य पूर्ण बंद, 15 ते 20 ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून सावकाश पाजायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस खुराक वाढवण्याआधीच झालेली हवी, कारण धान्य वाढलं की त्याच जंतूंचं फावतं.

सोडा रोज खुराकात टाकायची सवय मात्र बोकडांना महागात पडते. धान्य आणि कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यातून मुतखडा होतो आणि सोड्याने लघवी अल्कधर्मी झाली की तो आणखी लवकर जमतो. वर सांगितलेली चुनखडी त्यासाठीच आहे. लहान वयात खच्ची केलेल्यांची मूत्रनलिका अरुंद राहते, त्यांना धोका जास्त. खच्ची करणं तरी टाळू नका, वळू बोकडाच्या मटणाला येणारा उग्र वास त्यानेच कमी होतो. पाणी स्वच्छ आणि सतत समोर हवं. उन्हाळ्यात हौद कोरडा राहिला की खडे अडकल्याच्या तक्रारी येतातच. बोकड कुंथतोय नि थेंबथेंब मुततोय असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

माल घेताना पेंड फोडून पाहा. आत हिरवट-काळी बुरशी, कुबट वास किंवा गुठळ्या असल्या तर ती वरून उन्हात वाळवून वापरू नका. बुरशी मरते, पण तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, तसंच राहतं आणि थेट यकृतावर जातं. ऑक्टोबरच्या पावसात भिजून काळं पडलेलं सोयाबीनचं भुसकटही याच रांगेत. युरियाची भेसळ ओळखायला मूठभर पेंड, चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी बाटलीत घालून बूच लावा. अर्ध्या तासाने उघडल्यावर डोळ्यात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पोतं परत. कोंडा पाण्यात ढवळला की वाळू तळाला बसते, हे तर दुकानातच तपासता येतं.

हिरवा चारा कितीही घातला तरी बोकडाची चरबी पांढरीच राहते. ती पिवळी निघाली तर चाऱ्याला दोष देऊ नका, कावीळ समजा आणि ते मटण विकू नका.

विक्रीआधी जंतनाशकाच्या पाकिटावर लिहिलेला थांबण्याचा काळ संपू द्या. कापण्याआधी 12 तास चारा बंद, पाणी चालू. टेम्पोत दाटीने उभं करून रात्रभर उपाशी नेलेल्या जनावराच्या स्नायूंतला ग्लायकोजन (साठवलेली साखर) संपतो. मग मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि त्याचा सामू (pH) 5.5 ते 5.8 पर्यंत उतरत नाही, 6 च्या वर राहतो. असं मटण गडद, चिकट दिसतं आणि लवकर खराब होतं. लांबच्या बाजाराला आदल्या दिवशी पोहोचून सावलीत विसावा द्या, थोडा ओळखीचा चारा घालून आणि पाणी पाजून.