विम्याविना अपघात झाला? नोटीस परत पाठवू नका

मुंबई-गोवा महामार्गावर धडक झाली, गाडीचा विमा कधीच संपलेला, आणि पोस्टमन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन खळ्यात उभा. घाबरून ती नाकारू नका, सही करून घ्या. तारखेला गेला नाहीत तर निकाल एकतर्फी लागतो. मग भरपाई जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते, म्हणजे हापूसच्या कलमांचा सातबाराही धोक्यात! गाडी भाचा चालवत होता, तरी जबाबदारी मालकावर येतेच. पंचनाम्याची नक्कल आणि फोटो जपा. समोरच्याचीही चूक असेल तर रक्कम कमी होते. वकील परवडत नसेल तर रत्नागिरी किंवा ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. लोकअदालतीत तडजोडही होते. अपिलाची मुदत 90 दिवस.