गाडी तापून राह्यली? पयले पाणी कुठं जाते ते पाहा

मे महिन्यात माझ्या गॅरेजवर जुनी गाडी आली की डिक्कीत पाण्याच्या दोन-तीन कॅन असतातच. मालक सांगतो, "भाऊ, पाणी तर रोज टाकतो, तरी काहून तापते?" रोज टाकावं लागते हाच तर आजार आहे, राज्या. रेडिएटर, इंजिन आणि पाईप मिळून ही सगळी बंद व्यवस्था असते. धड गाडीत महिनोनमहिने पाणी जवळपास हलत नाही. कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी गळतंय, नाही तर इंजिनच्या आत जाऊन जळतंय.

मी इथं मारुती ८०० डोळ्यासमोर ठेवून सांगतो. आमच्या दर्यापूर तालुक्यात सेकंडहँड म्हणून ती अजून खूप फिरते. ती बनणं २०१४ च्या जानेवारीत बंद झालं, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीही आता जुन्यातच मोजायची. ऑल्टो, वॅगन-आरला यातलं बहुतेक सगळं लागू आहे. बोलेरोसारख्या डिझेल गाडीचा पंखा बहुधा बेल्टवर फिरतो, तेवढं वेगळं धरा.

आधी पाण्याचंच बोलू. आपण खारपाणपट्ट्यात राहतो, म्हणजे इथं जमिनीतलं पाणीच खारं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. जे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तेच लोक बिनधास्त रेडिएटरात ओततात. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. खारं पाणी त्याला हळूहळू खाते, आणि गरम झालं की त्यातला क्षार नळ्यांच्या आत पांढरा थर धरून बसते. असा रेडिएटर मी उघडला तर वरची टाकी ठीक दिसते, पण खालच्या अर्ध्या नळ्यांत साधी सुई जात नाही. बोरचं पाणी तर नकोच नको. शहानूर धरणाचं नळाचं पाणी धुण्यापुरतं चालते. भरायला मात्र बॅटरीत टाकतात ते डिस्टिल वॉटर घ्या, पंपावर पाच लिटरचा कॅन मिळते. त्यात कूलंट, म्हणजे रेडिएटरात पाण्यासोबत टाकायचं रंगीत औषध, अर्धं-अर्धं. डब्यावर 'तयार' लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही, तसंच ओतायचं. "आपल्याकडे कुठं बर्फ पडते, कूलंट कायले?" असं विचारणारे पुष्कळ आहेत. बर्फ नाही पडत, पण गंज धरतेच. आणि कूलंटमुळं पाणी उशिरा उकळते, ते ४५ अंशाच्या उन्हात फार कामाचं आहे.

आता रेडिएटरचं टोपण. गरम असताना उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हात भाजून घेते. वरचा जाड पाईप मुठीत दाबून पाहा. कडक लागला तर आत दाब आहे, थांबा. पाईप नरम आणि हाताला कोमट लागल्यावर जाड फडकं ठेवून टोपण अर्धा आटा फिरवा, फस्सकन हवा निघू द्या, मग काढा.

टोपणावर बहुतेक वेळा ०.९ (बार, म्हणजे दाबाचं माप) असा आकडा असतो. तेवढा दाब टोपण धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी साधारण ११८ अंशाला उकळते. टोपणाचं रबर कडक झालं, चिरलं, की हा दाब जातो आणि गाडी विनाकारण उकळते. टोपण उलटं धरा. मधोमध पितळेची एक बारकी चकती दिसेल, ती नखानं ओढली की मोकळी उचलली पाहिजे आणि सोडली की परत बसली पाहिजे. गाडी थंड झाल्यावर बाजूच्या बाटलीतलं पाणी याच वाटेनं रेडिएटरात परत ओढलं जाते. चकती चिकटली, किंवा बाटलीकडं जाणारी बारीक नळी तडकली, की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर कोरडा राहते. म्हणून नुसती बाटली पाहून समाधान मानू नका. सकाळी थंड गाडीचं टोपण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते पाहा. या सगळ्या खटाटोपात टोपण ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. संशय असला तर बदलून टाका, पण आकडा तोच घ्या.

पाणी पूर्ण आहे आणि तरी तापते, तर कधी तापते ते आठवा. दर्यापूरच्या बाजारात उभं असताना मीटरमधला तापमानाचा काटा चढतो आणि रस्त्याला लागली की उतरतो, तर पंखा पाहा. उभी असताना ठीक, पण परतवाड्याकडून वर चिखलदऱ्याचा घाट चढताना किंवा ८० च्या वेगात तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर बुजलाय.

पंख्याचा तपास सोपा आहे. आधी फ्यूज. मग जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थर्मोस्विचचा (पाणी तापलं की पंखा लावणारा स्विच) दोन वायरींचा प्लग काढा आणि त्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावा. चावी चालू करताच पंखा फिरला तर स्विच मेला. नाही फिरला तर रिले किंवा मोटर. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरच्या गाडीत पंखा कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो, तिथं सेन्सरच्या वायरी जोडायच्या नाहीत; मोटरचाच प्लग काढून तिला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहा. हात लांब ठेवा, गरम गाडीचा पंखा कधीही फिरतो. दुसरीकडून मोटर बदलून आणली असेल तर एक कागद जाळीसमोर धरा. कागद रेडिएटरला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर वायरी उलट्या लागल्यात आणि पंखा हवा बाहेर फेकून राह्यला.

रेडिएटर बुजणं दोन प्रकारचं. आतलं वर सांगितलं. बाहेरचं आपल्याकडं दिवाळीच्या आसपास फार. सोयाबीन काढताना थ्रेशरजवळून गाडी नेली की कुटार जाळीत बसते, वेचणी सुरू झाली की रुईचे तंतू, त्यावर शेतरस्त्याचा फुफाटा. पुढून पाहिलं तर फारसं काही दिसत नाही, मागून उजेड टाकला की एखादी रजई अडकवल्यासारखं दिसते. पंख्याचं कव्हर काढा आणि इंजिनच्या बाजूनं समोरच्या बाजूला साधा पाईप लावून धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशरनं जवळून मारलं तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा वॉल. त्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आमच्याच लोकांनी हे बिघडवून ठेवलंय. गाडी तापली की बरेच मेकॅनिक हा वॉल काढून फेकतात आणि सांगतात, "आता तापत नाही." गाडी मग हिवाळ्यात नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खाते, आणि खरा दोष तसाच राहतो. वॉल खराब आहे की नाही ते घरीच कळते. इंजिन थंड असताना सुरू करा. काटा वर चढत चाललाय, रेडिएटरकडं जाणारा वरचा पाईप मात्र थंडच, तर वॉल बंद अडकलाय. काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्यानं लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळायच्या आधीच त्याचं तोंड उघडायला लागलं पाहिजे. उघडण्याचा अंश त्याच्यावरच कोरलेला असतो, बहुतेक ८२ किंवा ८८. खळखळ उकळी येऊनही तोंड मिटलेलं, तर नवा टाका. काढून मोकळं ठेवू नका.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठं आहे ते पाहा. पाईपची टोकं फुगलेली, दाबल्यावर करकरणारी असली तर पाईप आणि क्लॅम्प दोन्ही बदला. पाण्याच्या पंपाला खाली एक बारीक भोक असते. तिथून ओघळ दिसला, किंवा पुली हातानं हलवल्यावर डुगडुगली, तर पंप गेला. ८०० मध्ये हा पंप अल्टरनेटरच्याच बेल्टवर चालतो. म्हणून चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला आणि काटाही वर गेला तर बेल्ट तुटलाय. एक मीटरही पुढं नेऊ नका.

हळदीचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. रेडिएटरला बारीक भोक पडलं, मूठभर हळद टाकली, गळणं थांबलं. रानात अडकलात तर घरापर्यंत येते, खोटं नाही. पण तीच हळद नळ्यांतही बसते, आणि मग रेडिएटर काढून नळ्यांत रॉड घालून साफ करावं लागते. जुन्या पितळी रेडिएटरला झाळ देता येते. नव्याचं अंग ॲल्युमिनियमचं आणि टाकी प्लास्टिकची असते, ती फुटली की बदलणंच बरं.

सगळं बसवून झाल्यावर भरणं. गाडीचं तोंड थोडं उतारावर वर करा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, आणि टोपण उघडं ठेवून हळूहळू ओता. बुडबुडे येत राहतील, तशी पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. आत हवा अडकली तर नवा कोरा रेडिएटरही तापते.

याच वेळी आणखी एक पाहून घ्या. इंजिन थंड असताना सुरू केलं आणि लगेच रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे येऊ लागले, ऑइलच्या टोपणाखाली चहातल्या सायीसारखं पांढरट काही दिसलं, धूर पांढरा आणि थांबतच नाही, तर हेडगॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनच्या मधलं पॅकिंग, गेलं. हे घरचं काम नाही. हेड काढून सपाट आहे का ते पट्टी लावून मोजतात, वाकलं असेल तर लेथवाल्याकडं घासायला देतात.

रस्त्यात काटा लालवर गेला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू, आणि सावली दिसेल तिथं थांबा. लिंबाखाली, बाभळीखाली, कुठंही. बॉनेट उघडा आणि अर्धा-पाऊण तास काही करू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतलं तर हेड चिरते.

काढलेलं जुनं कूलंट नालीत किंवा अंगणात ओतू नका. चवीला गोड असते, कुत्री आणि वासरं चाटतात, आणि त्यानं मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर लिहून ठेवा आणि गॅरेजवर आणून द्या.