लायब्ररी जुळत नाही म्हणून पॅकेज पुन्हा बिल्ड करताय? या चुका टाळा

लिनक्स डिस्ट्रोची (डेबियन, फेडोरा, आर्च वगैरे) आवृत्ती वाढवली आणि जुना एखादा प्रोग्राम सुरूच होईना. टर्मिनल म्हणतो, 'लिबएसएसएल.एसओ.१.१' सापडत नाही. सिस्टिमवर तर ती लायब्ररी '.३' शेपटीने बसलेली दिसते. मग बहुतेकांचा हात सिमलिंककडे वळतो: नव्या फाइलला जुनं नाव चिकटवलं की झालं!

यापेक्षा वाईट उपाय सुचणं कठीण. एसओनेममधला (लायब्ररीत नोंदलेल्या तिच्या नावातला, इथे १.१ किंवा ३) आकडा बदलतात तो 'जुने प्रोग्राम हिच्याशी जुळणार नाहीत' हे सांगायलाच. ओपनएसएसएलच्या (वरची लिबएसएसएल हिचीच) सिम्बॉल्सवरही, म्हणजे फंक्शनच्या नावांवरही, आवृत्तीची खूण असते, म्हणून तिथे प्रोग्राम निदान सुरुवातीलाच अडतो. अशी खूण नसलेल्या लायब्ररीत तो बिनबोभाट सुरू होतो आणि मग कधीतरी क्रॅश होतो, किंवा क्रॅश न होता डेटा बिघडवतो.

डेब फाइल (डेबियनचं पॅकेज) उघडून 'डिपेंड्स' ही लागणाऱ्या पॅकेजांची ओळ हाताने बदलणं हीसुद्धा फसवणूकच. एपीटी (डेबियनवर पॅकेज बसवणारा प्रोग्राम) गप्प बसतो, पण बायनरीतली (बिल्ड होऊन तयार झालेल्या फाइलमधली) 'नीडेड' ही लागणाऱ्या लायब्ररीची नोंद तशीच राहते. ती 'ऑब्जडंप -पी'ने वाचा. अनोळखी बायनरीवर 'एलडीडी' (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवू नका. काही परिस्थितीत तो ती बायनरी प्रत्यक्ष चालवतो. शिवाय जुनी लायब्ररी कोण मागतंय हे आधी नक्की करा. पुष्कळदा प्रोग्राम निर्दोष असतो, मधलीच एखादी लायब्ररी जुनी असते. अशा वेळी प्रोग्राम कितीही वेळा बिल्ड केला तरी फरक पडत नाही.

खरा उपाय म्हणजे सोर्समधून नव्या लायब्ररीशी जोडून पुन्हा बिल्ड करणं. पण बिल्ड रोजच्या सिस्टिमवर करू नका. '/यूएसआर/लोकल/लिब'मध्ये कधीकाळी टाकलेली लायब्ररी नकळत लिंक होते. स्वच्छ, वेगळ्या वातावरणात बिल्ड करणारी साधनं वापरा: डेबियनवर एसबिल्ड किंवा पीबिल्डर, फेडोरावर मॉक. आर्चवर आधी पूर्ण अपडेट करा. नुसतं 'पॅकमॅन -एसवाय' करून (म्हणजे फक्त पॅकेजांची यादी ताजी करून) एखादंच पॅकेज टाकलं की हाच आजार होतो.

आता आवृत्तीचा आकडा, आणि इथे डेबियनवाले हमखास फसतात. '१.२-३'चं स्वतःचं बिल्ड '१.२-३+लोकल१' नावाने केलं, तर पुढे येणारं सुरक्षा अपडेट '१.२-३+डेब१२यू१' एपीटीला जुनं वाटतं, कारण रोमन लिपीत डेबचा 'डी' लोकलच्या 'एल'च्या आधी येतो. अपडेट कधी बसतच नाही, आणि एररही दिसत नाही. 'डीसीएच --लोकल लोकल' (डेबियन पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये आवृत्ती नोंदवणारी कमांड) वापरलं तर मधलं अधिक चिन्ह येत नाही: '१.२-३लोकल१'. डीपीकेजी (एपीटीच्या खालचं पॅकेज साधन) अक्षराला चिन्हापेक्षा खालचं मानतो, त्यामुळे अपडेट विनाअडथळा येतं.

लायब्ररीने फंक्शनच काढून टाकलं असेल, तर कंपाइलर अडेल. मग नुसतं बिल्ड पुरत नाही. सोर्सला पॅच लावा, नाहीतर प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्या.

'ग्लिबसी_२.३४ सापडलं नाही' (ग्लिबसी म्हणजे सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) हा मामला उलटा: बायनरी नव्या सिस्टिमवर बनली आणि तुमची सिस्टिम जुनी आहे. सोर्स आणून जुन्या आवृत्तीच्याच च्रूटमध्ये (फोल्डरात बसवलेल्या वेगळ्या सिस्टिममध्ये) बिल्ड करा. दुसऱ्या मशीनवरून ग्लिबसी उचलून आणू नका. लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) आणि लायब्ररी जुळली नाही तर साधं 'एलएस'ही चालणार नाही.