हार्झच्या जंगलातले खाणींचे पाट कसे बघायचे

पुण्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं आता जर्मनीत शिकतात, त्यांच्याकडे जाणार असाल तर हार्झ डोंगरासाठी एक अख्खा दिवस ठेवाच. तिथे चांदी-शिशाच्या खाणींसाठी मुख्यतः 16 व्या ते 19 व्या शतकात जंगलभर तलाव, पाट आणि भुयारं केलीत, पाटच जवळपास 500 किमी, आणि 2010 पासून हे सगळं युनेस्कोच्या यादीत आहे. पण नुसते तलाव बघत फिरलात तर काही कळणार नाही, पाण्याच्या मागे चालत जायचं.

निघायच्या आधी एका रविवारी कात्रजला जाऊन या. नानासाहेब पेशव्यांनी तिथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं ते फक्त ढाळावर, पंप नाही काही नाही. हार्झमध्ये पण ढाळच, पण पाणी प्यायला नाही, चाकं फिरवायला. खाण खोल गेली की तळाशी पाणी साचतं, ते उपसायला ताकद लागते, आणि ती ताकद डोंगरावरच्या पाण्याची. म्हणजे पाण्यानेच पाणी काढायचं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

सुरुवात ओडरटाईश तलावापासून करा. 1715 ते 1722 मध्ये बांधलेलं धरण, साठा सुमारे 17 लाख घनमीटर, आणि पुढे दीडशेहून जास्त वर्षं जर्मनीतलं सगळ्यात मोठं हेच होतं. माथ्यावरून हायवे जातो त्यामुळे लोक गाडीतून दोन फोटो काढून निघून जातात, तसं करू नका. खाली उतरून ग्रॅनाइटचे दगड कसे रचलेत ते निवांत बघा.

तिथूनच रेबर्गर ग्राबेन हा पाट निघतो, साधारण 7 किमी, आणि पायवाट अगदी त्याच्या कडेकडेने. पाणी इतकं हळू चालतं की वाट सपाटच वाटते, आईबाबांना पण जमेल. एक वाळकं पान पाण्यात टाका आणि त्याच्याबरोबर चाला, ढाळ किती बारीक ठेवलाय ते लगेच कळतं. आणि हे सर्व्हे त्या काळातल्या साध्या साधनांनी केलेत, मला तर तिथे हात जोडावेसे वाटले. मधे ग्राबेनहाउस लागतं, म्हणजे पाटाची राखण करणाऱ्याचं जुनं घर. शेवटी पाट डोंगराच्या पोटात भुयारात शिरतो आणि पाणी सांक्ट आंद्रेआसबर्ग गावाच्या बाजूला निघतं, आपण वरून वाटेने जायचं.

गावात सॅमसन खाण, ही चुकवायचीच नाही. 1910 ला बंद झाली, खोली 800 मीटरच्या वर. आत दोन प्रचंड लाकडी चाकं आहेत, 12 मीटरचं चाक उपशाचं आणि 9 मीटरचं माल वर ओढायचं. दुसऱ्याकडे नीट बघा, त्यावर उलटसुलट दिशेच्या पात्रांच्या दोन रांगा आहेत, म्हणजे पाणी या रांगेवर सोडलं की चाक एकीकडे फिरणार, त्या रांगेवर सोडलं की दुसरीकडे. इंजिन नसताना दोर वर पण जातो आणि खाली पण!

दुसरा दिवस असेल तर क्लाउस्थाल गावाच्या आसपासचे तलाव बघा. पाणी सोडायची छोटी लाकडी खोली तलावात पुढे, पुलाच्या टोकाला असेल तर बांधकाम बहुधा जुन्या पद्धतीचं, आणि बांधावर मधोमध असेल तर बहुधा नंतरचं.

मे ते ऑक्टोबर बरं, थंडीत बर्फ असतं. स्प्रूसची (देवदारासारखी सूचिपर्णी) बरीच झाडं वाळून उभी आहेत, म्हणून जोराचा वारा असेल त्या दिवशी जंगलात जाऊच नका. खाणीच्या टूरची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि त्या हिशोबाने तलावावरून सकाळी लवकर निघा.