'.इन' नाव कोणाकडे असते आणि ते आपल्या नावावर कसे करून घ्यावे

इंटरनेटवर संकेतस्थळाच्या नावाच्या, म्हणजे पत्त्याच्या, शेवटी लावण्यासाठी प्रत्येक देशाला दोन अक्षरांचा एक प्रत्यय राखून ठेवलेला असतो. भारताचा प्रत्यय '.इन' (.in) हा आहे. सुरुवातीची बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील एनसीएसटी ही संस्था पाहत असे आणि नियम कडक असल्यामुळे नोंदलेली नावे फार थोडी होती. २००५ च्या जानेवारीपासून ही जबाबदारी निक्सी या ना-नफा कंपनीकडे आली आणि त्याच वर्षी '.को.इन'सारखा मधला दुवा न घेता थेट '.इन'खाली नाव नोंदवण्याची मुभा सर्वांना मिळाली. सरकारी '.गव्ह.इन' नावे मात्र एनआयसी ही सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था देते आणि शिक्षणसंस्थांची '.एसी.इन' नावे अर्नेट या शिक्षण-संशोधनासाठीच्या सरकारी नेटवर्क संस्थेमार्फत मिळतात. ती वाटेल त्याला विकत घेता येत नाहीत.

निक्सीकडे सर्व नावांची मूळ नोंदवही असते, परंतु सामान्य ग्राहकाने नाव घ्यायचे ते निक्सीची मान्यता असलेल्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे नावे विकणाऱ्या कंपनीकडून. नाव उपलब्ध आहे का हे त्याच्या संकेतस्थळावर पाहावे, एक ते दहा वर्षांपर्यंतची मुदत निवडावी आणि पैसे भरण्यापूर्वी नूतनीकरणाचा दर अवश्य वाचावा, कारण पहिल्या वर्षाची सवलत पुढे टिकतेच असे नाही.

खरी काळजी घ्यायची ती अर्जातील नोंदणीधारकाच्या रकान्यात. जमिनीच्या सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याचा हक्क, तसेच येथेही आहे. अनेक दुकानदार आणि संस्था हे काम संकेतस्थळ बनवणाऱ्यावर सोपवतात. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नाव घेतो आणि पुढे संबंध बिघडले की वर्षानुवर्षे वापरलेले नाव अडकून पडते. म्हणून रजिस्ट्रारकडील खाते आपण स्वतः उघडावे, संस्थेचे अधिकृत नाव लिहावे आणि संकेतस्थळ बनवणाऱ्याला केवळ नेमसर्व्हर (नाव कोणत्या संगणकाकडे न्यायचे हे सांगणारी नोंद) बदलण्यापुरती मदत करू द्यावी. खोटी माहिती देऊ नये, कारण ओळखीची कागदपत्रे मागितली गेल्यास आणि ती जुळली नाहीत तर नाव बंद होऊ शकते.

त्या रकान्यात नोंदवायचा ईमेलही विचारपूर्वक निवडावा. नव्या नावावरचाच पत्ता तेथे दिला, तर मुदत संपून नाव थांबताच तो ईमेलही थांबतो आणि नूतनीकरणाच्या शेवटच्या सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मुदत उलटल्यानंतर काही दिवस नाव परत मिळवता येते, पण त्यासाठी बहुधा जादा शुल्क पडते. ती संधीही हुकली की नाव कोणालाही घेता येते.

आपल्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते नाव दुसऱ्याने अडवले असेल, तर निक्सीच्या वाद-निवारण धोरणानुसार तक्रार करता येते आणि निक्सी लवाद नेमते. नाव आपल्या चिन्हाशी गोंधळ होण्याइतके जुळते, समोरच्याचा त्यावर वैध हक्क नाही आणि त्याचा हेतू वाईट आहे, हे तक्रारदारालाच दाखवावे लागते. त्यामुळे व्यापारचिन्हाची नोंदणी आणि जुन्या वापराचे पुरावे आधीच जपून ठेवावेत.

२०१४ पासून देवनागरीतील '.भारत' नावेही मिळतात आणि त्यांत मराठीचा समावेश आहे. मराठी वाचकांसाठी संकेतस्थळ काढणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, असे मला मनापासून वाटते. तरीही अनेक ईमेल सेवा आणि अर्ज देवनागरी पत्ते अजून स्वीकारत नाहीत, म्हणून त्याच्या जोडीला '.इन' नाव घेऊन पत्रव्यवहार त्यावरूनच करावा.